बँडसॉवर लाकूड कापताना बोटे सांभाळा
(आकाशवाणीवरील भाषण)



खरिपाच्या तोंडावर शिरवळ भागात औजारांची डागडुजी निघते. कुणाला कुळवाची दिंड हवी, कुणाला रुमणं, कुणाला कुदळीचा दांडा. लाकूड घेऊन आपण वखारीत किंवा सुताराकडे जातो. तिथं आता बँडसॉ, म्हणजे पट्टा करवत असते. दोन चाकांवर फिरणारं अखंड पातं ते. काम झटपट होतं, पण बोट गेलं तर ते परत येत नाही.

मशीन सुरू करण्यापूर्वी : लाकडातले खिळे काढा. पॅकिंगच्या जुन्या खोक्यांच्या फळ्या असतील तर जास्तच तपासा. खिळ्यावर पातं तुटतं. उपरणं, सैल बाही, हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. हातमोजे घालू नका, ते पात्यात ओढले जातात. डोळ्याला चष्मा आणि नाकाला फडकं हवंच. पात्यावरचा गार्ड लाकडाच्या वर पाव इंच राहील इतका खाली आणा. उघडं पातं जेवढं कमी, तेवढा धोका कमी.

सरळ काप : लाकडाची सपाट बाजू टेबलावर टेकवा आणि मार्गपट्टीला लावून सावकाश सरकवा. जोर लावू नका. जोर लावावा लागतो याचा अर्थ पातं बोथट झालंय. हात पात्याच्या समोर नको, बाजूला ठेवा. शेवटचे चार-सहा इंच हातानं नव्हे, काठीनं ढकला.

गोल लाकूड : बाभळीचा गोल ओंडका तसाच कधी धरू नका. पातं दात खाली करून फिरतं, त्यामुळे ओंडका गर्रकन फिरतो आणि हाताला ओढून नेतो. इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यात तो घट्ट बसवा, मगच कापा.

वळणाचा काप : अर्धा इंची पातं साधारण अडीच इंच त्रिज्येपेक्षा आखूड वळण घेत नाही. त्यासाठी पाव इंची पातं लावा. टाकाऊ भागात आधी आडवे छोटे काप घ्या, म्हणजे तुकडे सुटत जातात आणि पातं अडकत नाही. अडकलंच, तर चालू मशीनमध्ये लाकूड मागं ओढू नका. पातं चाकावरून उतरतं. आधी बटण बंद करा.

बटण बंद केलं तरी चाकं काही वेळ फिरत राहतात. पातं पूर्ण थांबल्याशिवाय भुसा किंवा तुकडा हातानं काढू नका. पोरांना जवळ उभं करू नका, आणि दारू पिऊन तर मशीनकडं फिरकूच नका.

इजा झालीच तर : स्वच्छ कापड दाबून धरा, हात उंच ठेवा, १०८ क्रमांकाला फोन करा. तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका.

दांडा पुन्हा करता येतो, पण तो धरायला हात शाबूत हवा. रामराम.