नियमपुस्तक आणि नवोदित : अमेरिकेतील पिस्तूल-नेमबाजीचा धडा

कोणताही खेळ नवोदितांसाठी किती खुला आहे, हे त्याच्या प्रसिद्धीवरून नव्हे, तर स्पर्धेत कोणते साहित्य चालेल याविषयी त्याचे नियम काय म्हणतात यावरून ठरते, आणि या विधानाची स्पष्ट साक्ष अमेरिकेत वाढलेल्या व्यावहारिक पिस्तूल-नेमबाजीच्या इतिहासात मिळते. व्यावहारिक नेमबाजी म्हणजे अशी स्पर्धा, की जिच्यात स्पर्धक कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढतो, आडोशांमधून पुढे सरकतो आणि निरनिराळ्या अंतरांवरील पुठ्ठ्याची व पोलादाची लक्ष्ये वेगाने आणि अचूकपणे टिपतो. ऑलिंपिकमध्ये एका जागी उभे राहून ठरावीक अंतरावरील लक्ष्यावर नेम धरण्याची जी पद्धत आहे, तिच्याहून ही वेगळी.

या प्रकाराची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली मिसुरी राज्यातील कोलंबिया येथे स्थापन झाली आणि जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष झाले. अचूकता, शक्ती आणि वेग यांचा समतोल हे तिचे ब्रीद असल्याने मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागून येणारा भागाकार हीच यशाची मोजपट्टी ठरली. शंभर गुण वीस सेकंदांत मिळवणाऱ्याचा भागाकार ५ येतो, तर पाच गुण गमावून अठरा सेकंदांत फेरी संपवणाऱ्याचा सुमारे ५.२८ येतो आणि तो पुढे जातो. हे दोन सेकंद सरावाने मिळतात, तसेच काही प्रमाणात साहित्यानेही मिळतात, हे ध्यानात येताच पिस्तुलांचे रूप पालटू लागले. गोळीमागचा वायू वर सोडून नळीची उसळी रोखणारा कॉम्पेन्सेटर आला, आणि माशी व खाच जुळवण्याऐवजी लाल ठिपका लक्ष्यावर ठेवू देणारी रेड डॉट साइट आली. १९९० साली डग कोनिग यांनी अशाच साइटच्या साहाय्याने जागतिक अजिंक्यपद मिळवले. पुढे ‘रेस गन’ या नावाने ओळखली गेलेली ही पिस्तुले महाग होती. साधे पिस्तूल घेऊन येणाऱ्याला नियमांनी मज्जाव केला नव्हता, परंतु त्याचे पिस्तूल स्पर्धेत टिकणार नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी कळून चुकत असे.

यावर दोन बाजूंनी उपाय झाले. १९९६ साली बिल विल्सन, केन हॅकथॉर्न आदींनी स्थापन केलेल्या नव्या संघटनेने नित्य वापराचे पिस्तूल, साधे होल्स्टर आणि ते झाकणारे जाकीट हाच स्पर्धेचा पाया मानला, आणि गमावलेल्या प्रत्येक गुणामागे स्पर्धकाच्या वेळेत अर्धा सेकंद मिळवला. २०१७ मध्ये तो पूर्ण सेकंद करण्यात आल्याने अचूकतेचे मोल आणखी वाढले. जुन्या संघटनेच्या अमेरिकी शाखेनेही २००० च्या सुमारास कारखान्यातून येणाऱ्या पिस्तुलांसाठी ‘प्रॉडक्शन’ विभाग सुरू केला. त्यात काडतूस कितीही जोरदार असले तरी गुणांकन एकाच, कमी शक्तीच्या श्रेणीत होत असे आणि मॅगझिनमध्ये दहाच गोळ्या भरता येत, त्यामुळे मोठ्या मॅगझिनचा किंवा अधिक दारूचा लाभ उरला नाही.

पोलादी तबकड्यांच्या ‘स्टील चॅलेंज’ या स्पर्धेने तर प्रवेश आणखी सोपा केला. तेथे .२२ या स्वस्त काडतुसाच्या पिस्तुलासाठी स्वतंत्र विभाग आहे, आणि त्यातील स्पर्धक होल्स्टरऐवजी हातातील पिस्तूल खाली, ठरवून दिलेल्या खुणेकडे रोखून सुरुवात करतो. वेगाने पिस्तूल उपसण्याची जी क्रिया नवख्याला सर्वाधिक धास्तीची वाटते आणि जिच्यात चुकीला सर्वाधिक वाव असतो, तीच अशा रीतीने वगळली जाते.

तथापि एकदा केलेला नियम कायम पुरत नाही. साध्या साहित्याच्या विभागांतही कालांतराने जड पोलादी पिस्तुले आणि हलके करून घेतलेले चाप शिरतात, आणि म्हणून मर्यादांची फेरतपासणी वेळोवेळी करावी लागते. महाराष्ट्रातील वाचकाला परिचित असलेल्या दहा मीटर एअर पिस्तुलातही चापावर किमान ५०० ग्रॅम भार आणि पिस्तुलाचे कमाल वजन १५०० ग्रॅम ही बंधने सर्वांना सारखी आहेत. साहित्याला अशी मर्यादा घातल्याने खेळाची प्रगती खुंटते हा आक्षेप टिकत नाही, कारण नव्या तंत्रज्ञानासाठी व्यावहारिक नेमबाजीत ‘ओपन’ हा स्वतंत्र विभाग आहेच.

जेथे तिळमात्र सवलत देता येत नाही, ती बाब सुरक्षिततेची. पंचाच्या आज्ञेशिवाय पिस्तूल भरायचे नाही, नळीचे तोंड स्पर्धकाच्या मागच्या अर्धवर्तुळात वळू द्यायचे नाही, हालचाल करताना बोट चापावर ठेवायचे नाही, आणि यांपैकी काही मोडले तर स्पर्धा तेथेच संपते, हे नियम नवोदितालाही तितकेच लागू आहेत. मात्र ते त्याला आधी शांतपणे समजावणे, पंचाच्या आज्ञांची रिकाम्या पिस्तुलाने तालीम करून घेणे आणि पहिल्या स्पर्धेत अनुभवी स्पर्धक त्याच्या सोबतीला देणे हे आयोजकांचे कर्तव्य होय. साहित्याचे नियम साधे, सुरक्षिततेचे नियम कठोर आणि शिकवणारी माणसे सौम्य, एवढे जेथे जमवले जाते तेथेच नवोदित दुसऱ्यांदा येतो. म्हणून प्रत्येक आयोजकाने प्रचारावर खर्च करण्याआधी आपले नियमपुस्तक पहिल्यांदा येणाऱ्याच्या नजरेने वाचून पाहावे.