तातडीचे ऑपरेशन : न्यायचे कुठे?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



घरात कुणाचे आतडे फुटले, तर पहिला प्रश्न येतो : न्यायचे कुठे? आपण म्हणतो, "मोठ्या दवाखान्यात, तिथे रोज ऑपरेशनं होतात." हे कितपत खरे आहे, तेवढेच आज सांगतो.

१९७९ साली अमेरिकेत हॅरॉल्ड लुफ्ट आणि सहकाऱ्यांनी सुमारे १,५०० रुग्णालयांतल्या १२ शस्त्रक्रिया तपासल्या. हृदय, रक्तवाहिन्या अशा काही शस्त्रक्रिया जिथे वर्षाला २०० किंवा अधिक होत, तिथे मृत्यूचे प्रमाण २५ ते ४१ टक्क्यांनी कमी होते. पित्ताशयाच्या ऑपरेशनात मात्र असा संबंध दिसला नाही. म्हणजे अवघड कामाला सरावाचा हात लागतो.

पण सराव म्हणजे फक्त सर्जनचा नव्हे. २००९ साली अमेरिकेतच ८४,७३० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त मृत्यू होणाऱ्या रुग्णालयांत ऑपरेशननंतरची गुंतागुंत जवळपास सारखीच होती : २६.९ आणि २४.६ टक्के. फरक पुढे पडला. मोठी गुंतागुंत झालेल्यांपैकी एकीकडे १२.५ टक्के दगावले, दुसरीकडे २१.४ टक्के. बिघाड वेळेवर ओळखून धावणारी माणसे असली, तर रुग्ण वाचतो.

इंग्लंड-वेल्समध्ये २०१३ च्या अखेरीपासून पोटाच्या तातडीच्या ऑपरेशनांची नोंद ठेवतात. वेळेत सीटी स्कॅन, जोखमीच्या रुग्णासाठी ज्येष्ठ सर्जन व भूलतज्ज्ञ हजर, नंतर अतिदक्षता विभाग, यांवर भर दिला. तीस दिवसांतील मृत्यू सुमारे १२ टक्क्यांवरून ९ टक्क्यांच्या आसपास आले.

ठरवून करायच्या ऑपरेशनाआधी "वर्षाला अशी किती करता?" हे जरूर विचारा. तातडीच्या वेळी चौकशीला सवड नसते, आणि लांबच्या नामांकित रुग्णालयात पोहोचेपर्यंत उशीर होऊ शकतो. म्हणून घरी सगळे बरे असतानाच जवळच्या दोन-तीन रुग्णालयांत चौकशी करून ठेवा : रात्री भूलतज्ज्ञ येतो का? सीटी स्कॅन चालू असतो का? रक्त कुठून मिळते? अतिदक्षता विभाग आहे का? उत्तरे लिहून कागद फ्रिजवर लावा, सुना-मुलांनाही सांगून ठेवा.

विघ्नहर्ता आपला पाठीराखा आहेच; तयारी मात्र आपणच करायची.

गणपती बाप्पा मोरया!