लेक पॉवेल : कड्यावरचा पांढरा पट्टा



अमेरिकेत ॲरिझोना आणि युटा या राज्यांच्या सीमेवर, ऐन वाळवंटात, लेक पॉवेल नावाचा अवाढव्य जलाशय आहे. पेज गावाजवळच्या वाहवीप धक्क्यावरून लाँच सुटते आणि सुमारे ८० किलोमीटरवरच्या रेनबो ब्रिजकडे निघते. निळंशार पाणी आणि दोन्ही बाजूंना तांबड्या वालुकाश्माचे तुटलेले कडे. कोलोरॅडो नदीचं पाणी बाजूच्या घळीघळींत शिरलेलं असल्यामुळे, जलाशय भरला की किनाऱ्याची लांबी ३,००० किलोमीटरांच्या वर जाते. लाँच अरुंद घळीत वळली की इंजिनाचा आवाज भिंतींवर आपटतो आणि डोक्यावर आकाशाची नुसती पट्टी उरते.

तांबड्या कड्यांच्या पायथ्याशी मात्र चुना फासल्यासारखा पांढरा पट्टा सतत सोबत येतो. पाणी जिथवर चढलं होतं, तिथवर खडकावर बसलेले हे क्षार. कोलोरॅडोवर बांधलेल्या धरणात पाणी अडवायला १९६३ साली सुरुवात झाली आणि ग्लेन कॅन्यन ही देखणी दरी बुडाली. जलाशय पहिल्यांदा पूर्ण भरला १९८० साली. २०२३ च्या एप्रिलमध्ये तेच पाणी भरलेल्या पातळीच्या सुमारे ५५ मीटर खाली होतं.

रेनबो ब्रिज ही जवळपास ८८ मीटर उंचीची नैसर्गिक दगडी कमान. नवाहो आणि आसपासच्या इतर मूलनिवासी जमातींचं ते पवित्र स्थान. पाणी कमानीखाली आलं, बोटी भरून माणसं येऊ लागली, तेव्हा १९७४ साली काही नवाहो मंडळी कोर्टात गेली. १९८० साली अपिलातही त्यांच्या पदरी निराशाच आली. पण कोर्टानं जे केलं नाही, ते दुष्काळानं केलं. पाणी मागे हटलं, आणि आता लाँचमधून उतरून कमानीपर्यंत बरंच चालावं लागतं. कमानीखालून जाऊ नये, अशी विनंती पाहुण्यांना केली जाते.

पाणी आटण्याचं कारण नुसता दुष्काळ नाही. १९२२ साली सात राज्यांनी कोलोरॅडोचं पाणी वाटून घेतलं, ते ओल्या वर्षांचा प्रवाह गृहीत धरून. नदीत नव्हतं तेवढं पाणी कागदावर वाटलं गेलं.

हा धोका एका माणसानं आधीच सांगितला होता. मेजर जॉन वेस्ली पॉवेल. युद्धात एक हात गमावलेला हा माणूस १८६९ साली लाकडी होड्या घेऊन याच नदीतून उतरला होता. १८९३ साली लॉस एंजेलिसच्या सिंचन परिषदेत त्यानं बजावलं, की या कोरड्या मुलखातल्या सगळ्या जमिनीला पुरेल एवढं पाणी इथे नाही. श्रोत्यांनी त्याची हुर्यो उडवली. पुढे जलाशयाला नाव दिलं ते त्याचंच!

तेव्हा, कधी या लाँचमध्ये बसलात, तर कॅमेरा पाण्याबरोबरच त्या पांढऱ्या पट्ट्याकडेही वळवा. टंचाईत धरणांतलं पाणी कसं सोडायचं, याच्या नियमांची मुदत २०२६ पर्यंतची. नवे नियम करणाऱ्यांनीही ही सफर एकदा करावी आणि पॉवेलचं भाषण सोबत न्यावं.