लाइट गेली म्हणजे तार मेली नाही



कपाशीला बोंडं धरायची वेळ, रान सुकलेलं आणि नेमका डीपीचा डीओ उडालेला. वायरमनकडे तीन-चार गावं, तो येणार परवा. मग गावातलंच एखादं धाडसी पोर वर चढतं. आम्ही शिकलो शेतकी, वीज नव्हे. पण सभांसाठी फिरताना अशा पोरांच्या घरी दुखवट्याला जावं लागलं, म्हणून लाइनवरच्या जाणत्या माणसांकडून हे समजून घेतलं.

आपल्या पंपाची वीज ४१५ व्होल्टची. डीपीच्या डोक्यावर येते ती ११,००० व्होल्टची. पंप बंद पडला, घरातला दिवा गेला, म्हणून वरची तार मेली असं कधीच नसतं. एक डीओ उडाला तरी बाकीच्या दोन तारा जिवंतच. स्विचचा दांडा खाली ओढला, पण तीन पात्यांपैकी एक चिकटूनच राहिलं, असंही होतं. आणि तिन्ही पाती सुटली तरी स्विचच्या येणाऱ्या बाजूला वीज असतेच.

भारनियमनाचा तर भरवसाच धरू नका. सबस्टेशनमधून बंद झालेला फीडर केव्हाही सुरू होतो. शिवाय कुणी लग्नात जनरेटर लावला आणि चेंजओव्हर स्विच बसवला नाही, तर ती वीज डीपीतून उलटी वर चढते आणि ४१५ ची पुन्हा ११,००० होते. शेजारच्या गावातलं लग्न आणि आपल्या खांबावरचं मरण!

मग लाइन मेली हे ओळखायचं कसं? खिशातल्या टेस्टरनं नाही. तो घरच्या विजेपुरता. ११,००० च्या जवळ नेला तर दिवा लागायच्या आधी माणूस जातो. आकडा टाकून ठिणगी बघणं हा तर आत्महत्येचाच प्रकार.

जाणता लाइनमन आधी सबस्टेशनमधून परमिट घेतो. स्विच उघडतो, तिन्ही पाती सुटलेली डोळ्यांनी बघतो, दांड्याला कुलूप लावतो. मग ११,००० साठीच बनवलेला डिटेक्टर लांब इन्सुलेटेड काठीवर लावून आधी जिवंत तारेवर तपासतो, कारण सेल संपलेला डिटेक्टरही गप्पच बसतो. मग तिन्ही तारा एकेक करून. मग तोच डिटेक्टर पुन्हा जिवंत तारेवर. एवढं झाल्यावरही तो तारेला हात लावत नाही. अर्थिंगची वायर आधी जमिनीत गाडलेल्या अर्थला जोडतो, मग काठीनं तिन्ही तारांना. कामाच्या दोन्ही बाजूंना. काढताना उलट, तारा आधी, अर्थ शेवटी. चुकून वीज आलीच तर सबस्टेशनचा ब्रेकर पडतो, माणूस नाही.

हे आपलं काम नव्हे, हे इथं मोकळेपणी सांगतो. पण कित्येक वायरमनांकडे डिटेक्टरही नसतो, अर्थिंगचा संचही नसतो. तोही आपल्याच घरचा पोरगा. तेव्हा येत्या मोर्चाच्या निवेदनात दोन मागण्या घालू : रिकाम्या जागा भरा आणि प्रत्येक वायरमनला ही दोन हत्यारं द्या. तोवर डीओ उडाला तर १९१२ वर तक्रार नोंदवा, नंबर लिहून ठेवा आणि पोरांना डीपीखालून घरी पाठवा.