मेळ बसला होता तिथवर मागे जायचं
(संघाच्या मासिक सभेत कार्यालयाच्या लेखापाल ताईंनी केलेलं बोलणं)



आज संगणकाबद्दल बोलायचं आहे, म्हणून मागच्या ओळीतल्या कुणी चहाला उठू नका. आधी वहीचंच सांगते. बैठकीत कधी कधी पेटीतली रोकड आणि वहीतली शिल्लक जुळत नाही. मग आपण वही फाडून नवी करतो का? नाही. एकेक पान मागे जातो. ज्या बैठकीला मेळ बसला होता ते पान सापडलं, की तिथून पुढं नीट बघत येतो. संगणकातही अशी मागे जायची सोय असते. तिला ‘सिस्टिम रिस्टोअर’ म्हणतात. विंडोजमध्ये ती २००० सालापासून आहे. मला मात्र ती कळली गेल्या मार्चमध्ये, तीही रडकुंडीला आल्यावर.

झालं असं, की मार्चअखेरची गडबड होती. सात गटांचे कर्जाचे प्रस्ताव बँकेत द्यायचे होते. मराठी टायपिंग सोपं व्हावं म्हणून मी इंटरनेटवरून एक फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं. काय लिहिलंय ते न वाचताच ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रिंटर चालेना, एक्सेल उघडेना. मी दोन दिवस कुणाला बोलले नाही. वाटलं, सगळ्या म्हणतील, हिच्या हातात मशीन दिलं आणि हिनं बिघडवलं. त्या दोन दिवसांत सात गटांचे कागद तसेच पडून राहिले.

शेवटी दुकानात नेलं. तिथला मुलगा म्हणाला, “ताई, फॉरमॅट मारावं लागेल. आतलं सगळं जाईल.” माझे हातपाय गार पडले. आत आठ महिन्यांचा हिशोब होता आणि पेनड्राइव्हवरची शेवटची कॉपी दिवाळीतली. मी लॅपटॉप तसाच परत आणला. आपल्या एका सीआरपी ताईंची मुलगी कॉलेजात शिकते, तिला बोलावलं. ती म्हणाली, “मावशी, फॉरमॅट नंतर बघू. आधी मागच्या तारखेला नेऊन बघू.” विंडोजनं अपडेट घेण्याआधी चार दिवसांपूर्वीची एक खूण स्वतःच करून ठेवली होती. अर्ध्या-पाऊण तासात लॅपटॉप त्या दिवशीसारखा झाला. मी टाकलेलं ते सॉफ्टवेअर गेलं. एक्सेल उघडलं, प्रिंटर चालला, आणि हिशोबाची एकही ओळ हलली नव्हती.

आता हे होतं कसं ते समजून घ्या. त्या खुणेला ‘रिस्टोअर पॉइंट’ म्हणतात. त्यात विंडोजची मांडणी, सेटिंग, ड्रायव्हर आणि त्या दिवशी असलेले प्रोग्रॅम यांची नोंद राहते. मागे गेल्यावर त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्रॅम निघून जातात. तुमची पत्रं, फोटो, एक्सेलच्या फायली मात्र आहेत तशाच राहतात. म्हणजे मशीन मागच्या तारखेला जातं, तुमचं काम आजच्याच तारखेला राहतं.

पण ही सोय चालू असली तरच. बऱ्याच लॅपटॉपवर ती बंद असते. म्हणून आज घरी किंवा कार्यालयात गेल्यावर एवढं करा. स्टार्टवर जाऊन इंग्रजीत ‘रिस्टोअर पॉइंट’ टाइप करा. वर ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ येईल, ते उघडा. खिडकीत ‘सी’ ड्राइव्ह निवडून ‘कॉन्फिगर’ दाबा, ‘टर्न ऑन सिस्टिम प्रोटेक्शन’वर खूण करा, खालची पट्टी सरकवून थोडी जागा द्या आणि ‘ओके’ करा. मग ‘क्रिएट’ दाबून नाव द्या. उदाहरणार्थ, ‘नवा प्रिंटर लावण्याआधी’. नाव असं द्या की सहा आठवड्यांनीही कळलं पाहिजे.

मागे जायची वेळ आली तर त्याच खिडकीत ‘सिस्टिम रिस्टोअर’चं बटण आहे. तारखांची यादी येते. बिघाड सुरू होण्याआधीची तारीख निवडा. ‘स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्रॅम्स’ दाबलं की काय काय जाणार ते आधीच दिसतं. ते कागदावर उतरवून घ्या. चार्जर लावा, मगच ‘फिनिश’ करा. मशीन स्वतः बंद होऊन चालू होईल. मध्ये बटण दाबू नका, लाइट जाण्याची वेळ असेल तर थांबा. मागे जाऊनही फरक पडला नाही, तर ‘अनडू’ करून परत पुढं येता येतं.

विंडोज आतपर्यंत उघडतच नसेल, तरी घाबरू नका. पासवर्डच्या पडद्यावर खालच्या पॉवरच्या खुणेतून शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’ करा. मग ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि तिथं ‘सिस्टिम रिस्टोअर’.

एक गोष्ट मात्र गाठीला बांधा. रिस्टोअर पॉइंट म्हणजे हिशोबाची कॉपी नव्हे. चुकून पुसलेली फाइल तो परत आणत नाही. लॅपटॉप पडला, चोरीला गेला, हार्डडिस्क बिघडली, तर त्याच्याबरोबर खूणही जाते. जागा भरली की जुन्या खुणा आपोआप पुसल्या जातात. म्हणून दर मासिक सभेनंतर हिशोब पेनड्राइव्हवर घ्यायचाच, आणि तो पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या पिशवीत नाही, दुसऱ्या कपाटात ठेवायचा.

आता मी काहीही नवं टाकण्याआधी दोन मिनिटं थांबते, खूण करते आणि हिशोबाच्या रजिस्टरमागं तारीख लिहून ठेवते. तुम्हीही तेवढं करा. आणि बिघडलंच, तर माझ्यासारखे दोन दिवस गप्प बसू नका. त्याच दिवशी अध्यक्षा ताईंना सांगा, मला फोन करा. बिघडवलं कुणी ते मी विचारणार नाही. मी एवढंच विचारीन, “शेवटचं नीट कधी चालत होतं?”