फोन असताना टॅब किती हवेत?

मेळाव्यात आपण विचारता, "साहेब, फोन आहे, आता टॅब ८ इंची घ्यावा की १० इंची?" माझ्या घरचेच सांगतो. मी दोन्ही घेतले. ८ इंची कपाटात पडून राहिला, बॅटरी पूर्ण उतरली आणि पुन्हा चार्जच होईना. पैसे वाया गेले.

पडद्याचे माप कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपे घेतात. त्यामुळे ठेवण सारखी असेल तर १० इंची पडदा ८ इंचीच्या दीडपटीहून थोडा मोठा भरतो. सातबारा, माती परीक्षणाचा अहवाल, मुलांचा अभ्यास यांसाठी तो बरा. बांधावर मात्र फोनच. राज्यात २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत पिकाचा फोटो शेतात उभे राहून काढावा लागतो. बँकेचा ओटीपीही फोनवरच येतो. स्वस्त टॅबमध्ये पुष्कळदा सिम बसत नाही, नेट फोनचेच घ्यावे लागते. काहींत जीपीएसही नसते.

तेव्हा आधी चांगला फोन घ्या. घरात शिकणारी मुले असतील तरच एक मोठा टॅब, तोही सिमचा. मधल्या मापाचे पैसे ठिबकच्या दुरुस्तीला ठेवा. सुट्टीत टॅब बंद ठेवायचा असेल तर बॅटरी निम्मी भरून ठेवा.