रुपयांत सांगा



मघाशी बक्षीस घ्यायला आलेल्या एका मुलीनं मला हळूच विचारलं, "मॅडम, तुम्ही नेमकं काय विकता?" प्रश्न इतका नेमका आहे की मी ठरवून आणलेलं भाषण बाजूला ठेवते. त्याचं उत्तर समजायला मला या धंद्यात चौदा वर्षं लागली होती.

मी डोंबिवलीचीच. लहानपणी आमच्या बिल्डिंगमध्ये महिन्यातून एकदा मुंबई ग्राहक पंचायतीचं सामान यायचं. १९७५च्या गुढीपाडव्याला सुरू झालेली ही चळवळ तुमच्या आजीला विचारा, ती सांगेल. काही कुटुंबांनी मिळून संघ करायचा, महिन्याची यादी भरायची, एकाच्या घरी सामान उतरायचं आणि वाटप आपणच करायचं. आई आणि शेजारच्या काकू पिशव्या मोजून लावत, हिशेबाच्या वहीत दहा पैशांचाही फरक राहू देत नसत. एकदा मी कंटाळून म्हटलं, "कोपऱ्यावरच्या दुकानातून आणू या ना." आई म्हणाली, "दुकानदाराला त्याचे पैसे मिळायलाच हवेत. पण ते किती, हे मला माहीत असायला हवं."

मी २००३ मध्ये म्युच्युअल फंडांची वितरक झाले, तेव्हा आईचं हे वाक्य विसरले होते. त्या काळी इक्विटी फंडात दहा हजार गुंतवले की सव्वादोन टक्क्यांपर्यंत, म्हणजे २२५ रुपये, आधीच कापून घेतले जात. १ ऑगस्ट २००९ पासून बाजाराची नियामक संस्था सेबीनं ही कपात बंद केली. त्यानंतरही फंडाच्या खर्चातून वितरकाला दरवर्षी कमिशन मिळत राहिलं, आजही मिळतं. ते कायदेशीर आहे, कागदावर छापलेलंही असतं. पण क्लायंटच्या हातून पैसे जाताना दिसत नाहीत, म्हणून मी सगळ्यांना सांगायचे, "माझा सल्ला मोफत आहे."

२०१७ साली दादरला दोन दिवसांची एक परिषद होती. विषय एकच, कमी खर्चात गुंतवणूक कशी करावी. मी गेले ते ओळखी वाढवायला. पिशवीत माझी दीडशे व्हिजिटिंग कार्डं होती. दारातच कळलं की इथे कोणी काही विकायचं नाही. फंड कंपन्यांचे स्टॉल नाहीत, फुकटच्या डायऱ्या नाहीत. निम्म्याहून अधिक लोक साधे गुंतवणूकदार: शिक्षिका, बँकेतले कारकून, निवृत्त माणसं. इतक्या वर्षांत मी क्लायंटच्या समोर बसत आले होते. त्याच्या शेजारी, त्याच्याच बाजूला, पहिल्यांदा बसले.

तिथे एकानं जॉन बोगल यांची गोष्ट सांगितली. या माणसानं अमेरिकेत व्हॅनगार्ड ही कंपनी काढली आणि तिची मालकी फंडांकडे, म्हणजे पर्यायानं गुंतवणूकदारांकडेच ठेवली. सहकारी बँकांच्या या गावात ही कल्पना वेगळी समजावून सांगायला नको. १९७६ मध्ये त्यांनी सामान्य माणसासाठी इंडेक्स फंड आणला. हुशार मॅनेजरनं शेअर निवडायचे नाहीत, बाजारातल्या मोठ्या कंपन्यांचा अख्खा संच घ्यायचा आणि खर्च कमीत कमी ठेवायचा. पंधरा कोटी डॉलर जमतील अशी आशा होती, जमले सव्वा कोटीच्याही आत. लोकांनी त्याला 'बोगलचा मूर्खपणा' म्हटलं. पण त्यांना मानणारे साधे गुंतवणूकदार वाढत गेले. २००० साली मायामीत, दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या टेलर लॅरिमोर यांच्या घरी त्यातले विसेक जण जमले आणि स्वतः बोगलही त्यांना भेटायला आले. पुढे त्या घरगुती भेटीच्या परिषदा झाल्या. ऐकताना मला आमच्या बिल्डिंगमधला वाटपाचा दिवस आठवत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी फळ्यावर एक गणित मांडलं गेलं. तुम्ही कॉमर्सचे आहात, घरी करून बघा. एक लाख रुपये तीस वर्षं दरसाल दहा टक्क्यांनी वाढले तर होतात १७ लाख ४५ हजार. खर्चापायी हातात नऊच टक्के पडले तर १३ लाख २७ हजार. त्या 'फक्त एक टक्क्या'नं मुद्दलाच्या चौपटीहून जास्त पैसे नेले! दहा टक्के मिळतीलच असं कोणी सांगू शकत नाही. खर्च मात्र आज, आत्ता माहीत असतो. हे सूत्र मी पाठ्यपुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. माझ्या कामाशी मी ते कधी लावून पाहिलं नव्हतं.

चहाच्या वेळी कल्याणचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी माझ्याजवळ आले. मी सल्लागार आहे हे कळल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमचे क्लायंट तुम्हाला वर्षाला किती रुपये देतात, हे त्यांना माहीत आहे का? टक्के नाही हो, रुपये." मला उत्तर देता आलं नाही.

परतीच्या फास्ट लोकलमध्ये बसायला जागा मिळाली. मी परिषदेच्या पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ठाकुर्लीच्या एका जोडप्याचा हिशेब मांडला. दोघांची फंडातली रक्कम अठरा लाख. माझं कमिशन साधारण एक टक्का. गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली तेव्हा कागदावर आकडा होता अठरा हजार. दरवर्षी. आणि हे दोघं दर दिवाळीला मला फराळाचा डबा देऊन म्हणत, "तुम्ही आमच्यासाठी फुकटात किती करता!"

त्यानंतर मी सल्लागारासाठीची परीक्षा दिली, वितरकाचं काम सोडलं आणि सेबीकडे गुंतवणूक सल्लागार म्हणून नोंदणी केली. २०१३ च्या नियमांखाली अशी नोंदणी केलेल्यानं क्लायंटकडून फी घ्यायची असते, फंडाकडून कमिशन नाही. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला कमिशन नसलेली डायरेक्ट योजनाही ठेवावी लागते. ठाकुर्लीच्या घरी जाऊन मी तो कागद टेबलावर ठेवला. काका काही बोलले नाहीत. काकूंनी विचारलं, "इतकी वर्षं का नाही सांगितलंत?" तो प्रश्न अजून माझ्याजवळ आहे. ते दोघं राहिले, बाकी पुष्कळ जण गेले. दोन वर्षं घरखर्चाची ओढाताण झाली, हेही तुम्हाला सांगायला हवं.

स्वस्त ते सगळं चांगलं, असं मात्र समजू नका. २०१९ च्या दिवाळीत आपल्या डोंबिवली-ठाण्यातल्या एका सराफी पेढीची दुकानं अचानक बंद झाली आणि तिच्या भिशीत महिन्याला पैसे भरणारी कितीतरी कुटुंबं दारात उभी राहिली. त्या भिशीत वेगळा खर्च कोणी लावत नव्हतं, पण पैसे कुठे ठेवले जातात, हेही कोणाला दिसत नव्हतं. आणि इंडेक्स फंडही पडतो. जानेवारी २०२० मध्ये बारा हजारांच्या वर असलेला निफ्टी निर्देशांक २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला. त्या आठवड्यात मी एकही नवी योजना सुचवली नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत फोनवर होते. नौपाड्यातल्या एका आजींना रोज तेच सांगत होते, "हे पैसे तुम्हाला दहा वर्षं लागणार नाहीत, आज विकू नका." माझी फी याच कामाची आहे, हे मला तेव्हा पुरतं पटलं. दादरच्या परिषदेत भेटलेले आम्ही चार सल्लागार त्या दिवसांत रात्री एकमेकांना फोन करून धीर देत होतो. एकट्यानं करायच्या या कामात अशी माणसं मिळणं फार मोलाचं आहे.

तर ताई, मी काय विकते? माझा वेळ आणि माझं मत. त्याची किंमत बिलावर रुपयांत लिहिलेली असते.

आम्ही पाच-सहा सल्लागार आणि काही गुंतवणूकदार डोंबिवलीत दर तीन महिन्यांनी एका रविवारी जमतो. बोलायला उभं राहणाऱ्यानं आधी आपली कमाई कुठून होते ते सांगायचं, हा तिथला एकमेव नियम. ठाकुर्लीच्या काकू आता त्या बैठकीचा हिशेब ठेवतात, दहा रुपयांच्या चहासकट. तुमच्यापैकी कोणाला यायचं असेल, तर प्राचार्यांकडे नाव द्या. खुर्च्या पुढच्या रांगेत ठेवते.